ऑइलपेंटमधलं ‘योग्य’

नगरपालिकेच्या तरणतलावावरच्या फळ्यावर तारीख रोज खडूने बदलते. तिच्यापुढचा ‘क्लोरीन योग्य’ हा शेरा मात्र ऑइलपेंटने रंगवलेला आहे. म्हणजे पाणी तपासायच्या आधीच पास! मी याच्यावर पत्रक काढलं, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. जंतू निघाले आणि तलाव महिनाभर बंद झाला.

आज तो उघडला. बायकांच्या बॅचला मी पाण्यात उतरले, तशा सगळ्या पलीकडच्या कडेला सरकल्या.

“आल्या बाई इन्स्पेक्टर!”

पायरीवर उभ्या सुमनकाकूही हसल्या. याच काकूंनी पोटाखाली हात धरून मला पोहायला शिकवलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना पाण्यातच काय तो आराम मिळतो, आणि तोच मी महिनाभर बंद पाडला. पण खरं बोलल्याबद्दल माफी कशी मागायची? नाहीच मागणार. एकटीने हात मारत राहिले. माझ्या लाटा रिकाम्या काठावर आपटून माझ्याकडेच परत येत होत्या.

पायरीवर शेजारी उभी असलेली बाई काकूंना म्हणाली, “चला की आता.”

“थांब गं, आधी बघू दे.” काकूंनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, उजेडात धरलं आणि मग उतरल्या.

माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.