शेवटचा वाफा आधी

मुलांनो, ॲडम्सटाउनच्या आमच्या सामाईक बागेत फरगाना खोऱ्यातले एक उझबेक गृहस्थ येतात. बोलताना काठीने मातीत नकाशा काढतात: इथे डोंगर, मधून कालवा, दोन्हीकडे कापूस आणि जर्दाळू. मला ‘ओपा’, म्हणजे ताई, म्हणतात.

“ओपा, आमच्याकडे जिल्ह्याच्या हाकिमापेक्षा कालव्याचं पाणी वाटणारा पाटकरी मोठा!”

गेल्या जूनमध्ये, कोरोनामुळे सगळे अंतर राखून वागत होते तेव्हा, पाऊसच नव्हता. बागेच्या पिंपात एका वाफ्यापुरतं पाणी उरलं. पिंपाशेजारी त्यांची खरबुजं, पार टोकाला माझी सुकलेली मेथी. झारी भरून ते थेट माझ्याकडे आले.

“अहो, तुमची खरबुजं?”

“मी पाटकऱ्याचा मुलगा. पाण्याची पाळी शेवटच्या वाफ्यापासून सुरू होते.”

मेथी तरारली. खरबूज एकच धरलं, लिंबाएवढं. त्यांनी त्याच्या आठ फोडी केल्या आणि पहिली फावड्यावर ठेवून, दोन मीटरवरून, माझ्यापुढे धरली.