पडद्यापलीकडची अमानत

संक्रांतीचा आदला दिवस, पाली: माझ्या धाकट्या बहिणीचे एकुलते मूल तापाने गेले. जबाबदार: कोणी नाही. ताप कोणाच्या हुकमाने येत नाही.

शिमग्यानंतरचा मंगळवार, पाली: भूत लागले म्हणून तिला खोलीत कोंडून मिरच्यांची धुरी दिली. जबाबदार: तिची सासू आणि धुरी देणारा देवऋषी.

पाडव्यानंतरचा बाजारवार, बीड: तिला हकीमसाहेबांकडे नेले. जबाबदार: मी. ही जबाबदारी मी आजही मानाने पत्करतो.

नागपंचमीनंतरचा बाजारवार, बीड: दवाखान्याच्या औषधकोठीत लपून तिचे बोलणे ऐकले. जबाबदार: तिचे थोरले दीर, आणि त्यांना मागचे दार उघडून देणारा चपराशी.

त्याच आठवड्यात, पालीची चावडी: ते बोलणे गावापुढे फोडले. जबाबदार: तेच दीर, गावचे पाटील आणि गप्प बसलेला गाव.

वकिलीची सनद मिळाल्यापासून मी दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहीत आलो. ही माझी स्वतःची आहे. आरोपीला आरोप आधी कळावा, म्हणून तो वर दिला. हकीकत आता सांगतो.

मूल गेल्यावर बहीण रडली नाही. सुतक फिटले आणि सासूने बजावले की पोराचे नाव कोणी काढायचे नाही. नाव काढले तर पुन्हा त्याच कुशीत यायची त्याची वाट चुकते. घराने नाव टाकले. बहिणीने बोलणेच टाकले. ती चुलीपुढे बसून राखेने हात घाशी. भांडी उजळून होत, तरी हातांवरची राख थांबत नसे. कातडे सोलले तरी नाही. तिचा नवरा वडीलभावापुढे तोंड न उघडणारा. तो एकदा माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला, "दादा, लई वंगाळ हाय. कायतरी करा." त्याने आयुष्यात माझ्याकडे केलेला तो एवढाच अर्ज.

बीडमधल्या एका युनानी दवाखान्यात तेव्हा एक वृद्ध हकीमसाहेब होते. त्यांनी नाडी पाहिली, हात पाहिले आणि मला बाजूला घेतले.

"वकीलसाब, औषधं माझ्याकडं लई हायेत. हिला औषध नको, कान पाहिजे. दर बाजारवारी दुपारच्या नमाजानंतर घेऊन या."

"मग आम्ही काय करायचं?"

"त्या लिंबाखाली बसायचं. मधे पडदा राहील. ती पलीकडं, मी अलीकडं. आम्ही दोघं तुम्हाला दिसलो पाहिजे. ऐकू मात्र एक शब्द येता कामा नये. आन् घरी जाताना, काय बोललीस, हे कोणी विचारायचं नाही. तुमच्या कचेरीत बोलायचे पैसे पडतात. आमच्याकडं ऐकायचेसुद्धा पडत नाहीत. एवढी तरी शर्त पाळा."

पहिले काही बाजारवार ती पडद्यामागे नुसती बसली, आणि हकीमसाहेबही नुसते बसले. लिंबाखाली मेव्हणा आणि मी चुळबुळत होतो. शेवटी मी हकीमसाहेबांना म्हणालो, "आपण तिला दोन समजुतीच्या गोष्टी का सांगत नाही?" ते हसले. "समजूत घालणारे तिच्या घरात थोडे हायेत का? तिला ठाऊक पाहिजे, की हितं कोणी घाई करत न्हाई."

मग एका दुपारी पडदा हलताना दिसला. ती बोलत होती. त्या दिवशी गाडीत ती रडत रडत गावी गेली, आणि पुढचे कित्येक बाजारवार असेच गेले. मी घाबरलो. हकीमसाहेब म्हणाले, "विहिरीतला गाळ काढताना पाणी आधी गढूळच होतं. आता हात थांबवू नका."

त्यांनी तिला उपदेश केल्याचे मला कधी दिसले नाही. नेमलेला वार, नेमलेली जागा, न कंटाळणारा एक माणूस, आणि इथले बोलणे इथेच राहील हा भरवसा. एवढ्यावर माझी बहीण परत येऊ लागली. आषाढात तिने भाजी अळणी झाल्याची तक्रार केली, तेव्हा मेव्हण्याने ती बातमी मला मुद्दाम बीडला येऊन सांगितली. नागपंचमीला तिच्या हातांवर मेंदी होती.

सासरी मात्र वेगळीच चिंता. "घरातलं भाईर काय सांगती ती?" सासू विचारी. थोरल्या दिरांनी औषधकोठीत लपून त्याचा तपास लावला.

चावडीत पाटलांपुढे ते उभे राहिले. "हिनं सोताच्या तोंडानं सांगितलंय. म्हणली, पोरगं एकदाचं सुटावं, म्हंजी मला डोळा लागंल, आसं माझ्या मनात आलं. म्या ह्या कानांनी ऐकलंय."

"आई हाय का कोण हाय ही!" मागून कोणी बाई म्हणाली.

"बोललीस का न्हाई?" पाटलांनी विचारले.

"बोलले," बहीण म्हणाली.

मी उठलो. म्हणालो, तापाच्या पोराला मांडीवर घेऊन जागलेल्या बाईच्या मनात काय आले, हा कोणत्या कायद्यात गुन्हा आहे? मनात येणे आणि हाताने करणे यांत फरक नसेल, तर या चावडीत सुटेल असा एक माणूस दाखवा.

"वकीलसायब, कायदा तिकडं कचेरीत. हितं गाव हाय," पाटील म्हणाले.

हकीमसाहेबांना बोलावून आणले होते. खरे काय, असे त्यांना विचारताच ते म्हणाले, "ती अमानत आहे, पाटील. जिची ठेव तिला विचारल्याबिगर दुसऱ्याच्या हातावर ठेवत नसतात." मग ते दिरांकडे वळले. "तुम्ही चोरून ऐकलं, ते पुरतं ऐकलं असेल. बाई एवढंच बोलून थांबली नव्हती. पुढचं का सांगत न्हाई?"

"मला तेवढंच ऐकू आलं."

"कोठीची भिंत अर्धंच वाक्य आत सोडती व्हय?"

दोघेचौघे हसले. हकीमसाहेबांनी बहिणीकडे पाहिले. "बेटी, तू म्हणशील तर सांगतो." तिने पदर पुढे ओढला, होय नाही, काहीच म्हणाली नाही. ते खाली बसले.

सासरच्यांनी तिला माझ्याकडे पाठवून दिले. हकीमसाहेब बाजारवारी माझ्या घरी येऊ लागले. पडदा बांधला जाई. ती आधी दारामागे पाही, कणगीमागे पाही, मग येऊन बसे, आणि बोलत नसे. तेही बसत. "पुढल्या बाजारवारी येतो, बेटी," म्हणून उठत. पाय चालले तोवर आले. ती पुन्हा राखेने हात घासू लागली होती. माझ्या घरात ती बरीच वर्षे जगली आणि एका उन्हाळ्यात न बोलताच गेली. तिचे पुढचे वाक्य मी तिला कधी विचारले नाही. तो हक्क माझा नव्हता.

दीर आज पालीत पंच म्हणून बसतात, लोकांच्या साक्षी ऐकतात. माझ्या पत्रांना त्यांचे उत्तर नाही, निरोप तेवढा आला, "म्हाताऱ्या वकिलाला काम राह्यलं न्हाई वाटतं."

एक काम राहिले आहे. हकीमसाहेब अमानत घेऊन गेले. बहीण गेली. ते वाक्य आता, पंचसाहेब, एकट्या तुमच्यापाशी आहे. ते मला ऐकायचे नाही, गावालाही ऐकवू नका. चोरलेली वस्तू गावात वाटून टाकली म्हणून धन्याला परत मिळत नाही. तुम्ही त्याच चावडीत, त्याच गावापुढे उभे राहा आणि एवढाच जबाब द्या: माझ्या बहिणीने त्या दुपारी आणखी काही म्हटले होते, की नव्हते?