चुंबकाच्या दारातली टोपली

ऑपरेशन थिएटरच्या दारात झडती घेणाऱ्या मावशींना सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे फौजदारबाई. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. मेंदूतली गाठ काढता काढता मध्येच एमआरआय काढायची सोय तिथे होती. गाठ आणि मेंदू दिसायला सख्खे भाऊ. भल्याभल्यांची नजर फसते. म्हणून कवटी उघडी असतानाच पेशंटला शेजारच्या यंत्रात सरकवायचं, फोटो बघायचा आणि काही उरलं असेल तर पुन्हा कामाला लागायचं. पण यंत्र म्हणजे दांडगं चुंबक. खिशातली किल्लीसुद्धा गोळीसारखी सुटते. त्यामुळे आत जाणाऱ्याचं घड्याळ, पेन, किल्ल्या आधी मावशींच्या टोपलीत.

"मावशी, मी रोजचाच आहे हो," मोठे सर्जन कुरकुरायचे.

"चुंबकाला ओळखदेख नसते, साहेब. काढा घड्याळ."

आज टेबलावर त्यांचा नवरा होता. शिंपीकाम करणारा, गप्पिष्ट माणूस. "जन्मभर माझे खिसे तपासलेस, आता डोकं तपासून घे," असं सकाळी म्हणाला होता. मावशींना आज कामाला मज्जाव होता. दारात थोरल्या सिस्टर उभ्या होत्या, मावशी बाकावर आणि समोर टोपली.

ती टोपली त्यांना बरोबर वाचता यायची. फोटो स्वच्छ आला की थोड्याच वेळात माणसं आपापल्या वस्तू न्यायला येत. टोपली भरलेलीच राहिली, तर काहीतरी उरलंय.

यंत्राची ठकठक थांबली. बराच वेळ कुणीच आलं नाही.

"उरलंय," मावशी म्हणाल्या.

"अहो, मग आत्ताच सापडलं ते बरं ना?" सिस्टर म्हणाल्या. "एरवी तसंच राहून पुन्हा वाढलं असतं. लोकांना तुम्हीच तर हे सांगता."

"लोकांना सांगायला काय जातंय!" मावशी फटकन बोलल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्यांना राग यायचा.

दुपार कलली तेव्हा ठकठक पुन्हा सुरू झाली आणि थांबली. मावशींनी टोपलीवरून नजर काढली नाही. आधी यंत्र चालवणाऱ्या बाई आल्या आणि किल्ल्या घेऊन गेल्या. एकेक करून टोपली रिकामी होत गेली. शेवटी मोठे सर्जन आले.

"थोडं उरलं होतं, तेही काढलं," घड्याळ मनगटावर चढवत ते म्हणाले. "जा, लांबून बघून या. शुद्धीवर यायला वेळ आहे."

मावशी उठल्या त्या थेट दाराकडे. सिस्टरांनी हात आडवा घातला.

"आता काय?" मावशी खेकसल्या.

"अंबाड्यातला आकडा."

मावशींनी डोक्याला हात लावला. कामावर येताना त्या आकडा कधी लावत नसत. आज बाकावर बसायला आल्या होत्या. त्यांना हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. आकडा उपसून त्यांनी रिकाम्या टोपलीत टाकला आणि सुटलेले केस टोपीत कोंबत आत गेल्या.