माझ्या जागी वंदना

"तुमचं हृदय एकदम ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. पण ते वंदनाशी बोलत होते, आणि पेशंट मी होते.

वंदना माझी जुळी बहीण. पन्नाशीला आलो तरी चेहरा इतका सारखा, की माझी सूनसुद्धा गडबडते. मी सौंसरची, ती पांढुर्ण्याची. कापसाच्या सीझनला तिच्याकडे राहून मी तिच्यासोबत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, कामाला जायची.

दोन वर्षांपूर्वी तिथंच कापसाची गंजी माझ्यावर ढासळली. कापूस मऊ असतो म्हणतात. नाकातोंडात गेला की कळतं! बायांनी हातांनी उकरून मला काढलं. साधं खरचटलंही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी विषय संपवला.

संपतो कुठचा! कापसाची गाडी दिसली की छातीत कळ यायची, हात गार पडायचे. मी आपली गॅस समजून ओवा चावायची. एक दिवस कळ डाव्या हातात उतरली, तेव्हा वंदनानं मला नागपूरला नेलं.

ट्रेडमिल टेस्ट सांगितली, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासणं. खोलीचं दार बंद होणार म्हटल्यावर मी घामाघूम झाले.

"तू बस इथंच, मी जातो तुह्या जागी," वंदना म्हणाली. "आपलं रक्त एकच आहे न!"

मी मूर्खासारखी मान हलवली.

चांगला रिपोर्ट घेऊन बाहेर आलो, तर रस्त्याच्या कडेला गादीवाला कापूस पिंजत होता. मी छाती धरून खालीच बसले. वंदनानं मला धरून परत आत नेलं आणि डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं.

ते भडकले. भडकणारच! "ही काय रेशनची लाइन आहे, कोणीही उभं राहायला? जीव गेला असता!"

मग त्यांनी दार उघडं ठेवून माझी टेस्ट घेतली. पट्ट्यावर मी बरी चालले. पण पुढच्या तपासणीत त्यांनी मला गंजीचा प्रसंग सांगायला लावला, तेव्हा स्कॅनमध्ये हृदयाला रक्त कमी पडताना दिसलं. त्याला मेंटल स्ट्रेस इस्केमिया म्हणतात. मनावर ताण आला की हृदयाच्या बारीक नळ्या आखडतात. मुळात दुखणं होतं पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे जुन्या धक्क्याचा मनात राहिलेला घाव. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला हे तुमच्या शरीराला अजून पटलेलं नाही."

गोळ्या सुरू झाल्या, शिवाय काउन्सेलिंग. तिथल्या मॅडम तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. वंदना बाजूला बसायची. चौथ्या खेपेला मी न थांबता शेवटपर्यंत सांगितलं, छातीत काही झालं नाही. पाहते तर वंदना हुंदके देत होती.

"काहून रडून राहिली वं?"

"त्या दिवशी ड्यूटी माही होती. माह्या घरी पाव्हणे आले, म्हणून माह्या जागी तू गेली."

दोन वर्षं हे गिळून बसली होती बाई! मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मी तिला घट्ट धरलं.

आता कळ क्वचितच येते. त्या उकरणाऱ्या बायांचे, रागावणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. असं कोणाला होत असेल तर गॅस म्हणून दाबू नका, लवकर दाखवा.

मॅडमनी वंदनाचाही वेगळा केसपेपर काढला आहे. ती आत गेली की मी बाहेर बाकावर बसते. जीव तुटतो, पण आत जात नाही. तिचं तिनंच सांगायचं.