टेम्पोला छप्पर पाहिजे

घर शोधायला निघालेल्या माणसाला घर उशिरा मिळतं, किस्से आधी मिळतात. आमच्या चाकणच्या टेम्पो स्टँडवर तर एका चहामागे चार निघतात. मी तसा बुजरा. नववीत शाळा सुटली, बोलणंही तेव्हापासून कमीच. पण हे किस्से माझेच आहेत, म्हणून सांगतो.

माझं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील लातूरकडचे, जन्मभर ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक. माझ्या टेम्पोची बॅटरी रस्त्यावरून चोरीला गेली हे त्यांना कळलं आणि त्यांनी एकच अट घातली. "आधी छपराखालच्या पार्किंगचं घर दाखवा. ज्याचा टेम्पो उघड्यावर, त्याचा संसार उघड्यावर!"

झालं! मी आणि स्टँडवरचा माझा दोस्त गण्या शोधायला निघालो.

*

महाळुंग्यात एका तात्यांची तीन मजली बिल्डिंग. खाली ऐसपैस पार्किंग. त्यात चार म्हशी.

"पार्किंग हाय की," तात्या म्हणाले. "म्हशी दिवसभर रानात. तुजा टेम्पो बी दिवसभर बाहेरच न्हवं?"

"आणि संध्याकाळी?"

"जो आदी यील त्याची जागा!"

गण्या माझ्या कानात म्हणाला, "सोड भावा. म्हशींना ओव्हरटाइम नसतो, रोज त्याच आधी येणार!"

*

मोशीच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणाले, "कमर्शियल गाडी आत चालणार नाही. नियम म्हणजे नियम." मी "बरं" म्हणून निघालो. माझा नंबर मात्र त्यांनी लिहून घेतला.

आठ दिवसांनी फोन! त्यांच्या मुलाचं सामान हिंजवडीला न्यायचं होतं. मी टेम्पो गेटबाहेर लावला, तर सेक्रेटरी गॅलरीतून ओरडले, "अहो, परक्यासारखे बाहेर काय थांबलात? घ्या आत, आपलीच सोसायटी आहे!"

*

चिखलीच्या एजंटने पार्किंग आधी दाखवलं. एका बाजूला पिलर, दुसऱ्या बाजूला भिंत. "लावून बघा, बरोब्बर बसतो!"

मी रिव्हर्स घेतला. टेम्पो बसला खरा, पण दरवाजा चार बोटंसुद्धा उघडेना. मला सांगायची लाज वाटली. एजंट समोरच्या काचेतून फ्लॅटची माहिती देत राहिला आणि मी आतून मान हलवत राहिलो.

शेवटी गण्या म्हणाला, "साहेब, फ्लॅट दुसऱ्या कुणाला द्या. हा आता इथेच राहील!"

*

आकुर्डीचे घरमालक म्हणाले, "बॅचलरला घर नाही. आधी लग्न." होणारे सासरे म्हणत होते, आधी घर. गण्याने वैतागून दोघांना एकाच कॉलवर घेतलं. "आता तुमचं तुम्ही ठरवा!"

घरमालकही जुने मेकॅनिक निघाले. दोघं पाऊण तास गिअरबॉक्सवर बोलले.

"काय ठरलं?" मी घाबरतच विचारलं.

"घरमालक त्यांच्याकडे जेवायला जाणार आहेत," गण्या म्हणाला. "तुझा विषय निघाला नाही."

*

शेवटी चऱ्होलीत एक फ्लॅट जमला. मालकाला बॅचलरही चालत होता, टेम्पोही. पार्किंग बेसमेंटमध्ये. रविवारी मुलीकडची मंडळी बघायला आली, सगळी मिळून अकरा माणसं. सासऱ्यांना पुढे घेतलं, बाकीच्यांना मागे बसवलं आणि उतारावरून थेट बेसमेंटमध्ये नेलं. बीमखालून टेम्पोचं छत दोन बोटांच्या फरकाने सुटलं.

सगळे उतरले. सासऱ्यांनी भिंत ठोकली, फरशी पाहिली, कोपऱ्यात ओल आहे का तेही पाहिलं. मग पहिल्यांदाच हसले. "टेम्पोवाले, जागा झकास आहे. आता काढून दाखवा."

काढायला गेलो तर खर्रर्र! छत बीमला घासलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खर्रर्र! गण्या बीमकडे बघतोय, मंडळी माझ्याकडे, मी जमिनीकडे. गेलं लग्न, एवढंच डोक्यात आलं.

सासरे चाकाशी वाकले. "एवढी माणसं उतरल्यावर टेम्पो वर उचलला जाणारच की! चला, बसा परत सगळे."

"अहो, मग रोज सकाळी काय करायचं?" मुलीच्या आत्यांनी विचारलं.

सासरे स्वतः मागे चढले, आत्यांना हात देऊन वर घेतलं, सगळ्यांना दाबून बसवलं. मी पहिला गिअर टाकला. बीम जवळ आला.

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "हं, जावईबापू, हळू घ्या!"