सुमनबाईंकडे राहिलेला पेला

साल दोन हजार पंचवीस, आणि माझं वय एकाहत्तर. सुलतान बाजारात नातीसाठी दप्तर बघत होतो. लाल घ्यावं की निळं, एवढाच प्रश्न होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे यादम्मा, बालवाडीतली मदतनीस. "नाना, अक्का गेली..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी दप्तर खाली ठेवलं. दुकानदार मागून हाक मारत राहिला, "क्या हुआ चचा, पसंद नै आया क्या?" त्याला काय सांगणार? चालत सुटलो.

सुमनबाई नल्लकुंट्यात विहारामागच्या दोन खोल्यांत बालवाडी चालवायच्या. नांदेडकडच्या, आमच्यातल्याच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पोरं त्यांना अक्का म्हणायची, आम्ही मोठे बाई म्हणायचो. आता महिना होत आला त्यांना जाऊन. मी चौथी शिकलेला माणूस, त्यामुळे त्यांच्या शिकवण्याचं मोठं वर्णन मला जमायचं नाही, जे डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगतो. तिथे फळ्यापेक्षा मोठा मान दाराजवळच्या मटक्याला होता. कुणी कुणाला ढकललं, ओरबाडलं, कुणाची पाळी हिसकावली, तर बाई मारायच्या नाहीत की ओरडायच्या नाहीत. ज्याची चूक त्यानं मटक्यातून पेला भरायचा, ज्याला दुखवलं त्याला दोन्ही हातांनी द्यायचा आणि त्याचं पिऊन होईपर्यंत समोर उभं राहायचं. बस. 'सॉरी' म्हणून पळून जायची सोय नाही. पिणारं पोरगं मुद्दाम घोट घोट घ्यायचं, देणारं या पायावरून त्या पायावर व्हायचं, आणि पेला रिकामा होईपर्यंत दोघंही हसायला लागायची.

माझी नात परी तिथे जाते. मुलगा-सून नोकरीला, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे. थंडीच्या दिवसांतली गोष्ट. अंगणात एकच झोपाळा, त्याला पोरांची रांग. झोपाळ्यावर लक्ष्मी बसली होती, कोपऱ्यावर इडलीची गाडी लावणाऱ्या बाईची पोर. परीला दम निघेना, ती रडायला लागली. मी सरळ पुढे गेलो, लक्ष्मीला मनगट धरून खाली उतरवलं आणि परीला बसवलं. "खूप झालं तुझं," असं वर म्हणालोही. लक्ष्मी रडली नाही. मनगट चोळत गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली... ते मला अजून दिसतं.

बाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "नाना, तिची पाळी होती. तिला पाणी द्या."

"कोण, मी?"

"इथे आत आलं की सगळ्यांना नियम एकच."

सगळी पोरं माझ्याकडे टकमक बघायला लागली. माझं डोकं सटकलं. म्हणालो, "बाई, चाळीस वर्षं पाणी खात्यात लाइनमन होतो मी. माझ्या हातच्या चावीनं या मोहल्ल्याला पाणी सुटायचं. वकील काय, पुजारी काय, सगळे घागरी मांडून माझी वाट बघायचे. गावात माझ्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तो वाकून प्यायचा. त्याचा पोरगा आहे मी. पेला धरून कुणापुढं उभा राहणार नाही."

बाईंनी आवाज चढवला नाही. "माझ्या बापालाही वरूनच ओतायचे, नाना. म्हणून तर पाणी कसं द्यायचं ते मी पोरांना शिकवते. तुम्ही चावीनं पुष्कळ दिलंत, आता एकदा हातानं द्या."

मी परीला उचललं आणि घरी आणलं. आठ दिवस पाठवलं नाही. नवव्या दिवशी तिनं जेवण सोडलं. सून भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय." मग परत न्यायला लागलो, पण फाटकाच्या आत पाय टाकला नाही. बाई रोज फाटकाशी येऊन परीचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "नाना, तुमचा पेला राहिलाय." मी म्हणायचो, "राहू द्या." त्या हसून आत जायच्या. पुढे पुढे तर त्या बोलण्याची अशी सवय झाली की रविवारी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. तरी आत गेलो नाही. ही ताठ मान आम्हाला कुणी फुकट दिलेली नाही, ती अशी वाकवायची कशी, असंच मनात यायचं. पाटलापुढं वाकणं आणि चार वर्षांच्या पोरीपुढं वाकणं यातला फरक कळायला माझं एवढं वय जावं लागलं.

मग बाईंना पोटाचं दुखणं निघालं. विद्यानगरला बहिणीकडे होत्या, तिथे भेटायला गेलो. अंथरुणावर माणूस आहे की नुसती चादर, कळत नव्हतं. "घसा सुकलाय," म्हणाल्या. बहीण आत होती. मी उठलो, पेला भरला, दोन्ही हातांनी दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "चांगलं देता येतं की हो तुम्हाला... पण हे माझं नाही, नाना. लक्ष्मीचं आहे."

मरायला टेकलेल्या माणसाचा कुणाला राग येतो का? मला आला. म्हणालो, "तुम्ही काही सोडायच्या नाहीत, बाई."

"सोडलं तर मास्तरीण कसली मी?"

चपला घातल्या आणि निघालो. 'येतो' म्हणायचं असतं, तेही म्हणालो नाही. ती शेवटची भेट.

फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना पोचवून आलो. यादम्मा डोळे पुसत म्हणाली, "उद्या बालवाडी उघडायची. अक्कानं सांगून ठेवलंय, पोरांना दार बंद दिसलं नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीला घेऊन गेलो. फाटकाशी थांबलो नाही. दारात पोरांच्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या, त्या ओळीच्या शेवटी माझ्या काढल्या. मटका भरलेला होता, बाजूची बाईंची खुर्ची रिकामी. पेला भरला, काठी टेकत अंगणात गेलो. लक्ष्मी झोपाळ्याच्या रांगेत तिसरी होती. तिच्यापुढं पेला धरला. तिनं पेल्याकडे बघितलं, मग माझ्या काठीकडे.

"ऐसा नै, ताता," ती म्हणाली. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात. "दोनों हातां से."

मी काठी जमिनीवर ठेवली. पोर केवढीशी, पेला तिच्यापर्यंत न्यायचा तर वाकावंच लागलं. दोन्ही हातांनी दिला. कशाबद्दल ते तिनं विचारलं नाही. एक घोट घेतला, थांबली, झोपाळ्याकडे बघितलं, परत एक घोट घेतला. गुडघे कळा मारत होते. मी तिचं पिऊन होईपर्यंत उभा राहिलो.