कादंबरीचं फळ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पवनीला मास्तर होतो आणि एम.ए.चा अभ्यास बाहेरून करत होतो. या गावावर लिहिलेली जी चार-दोन पुस्तकं होती, ती त्या-त्या जागी बसून वाचायची, असं खूळ मी डोक्यात घेतलं होतं. टेकडीवरचं प्रकरण टेकडीवर, बाजारातलं बाजारात. त्याबद्दल बोलायला मात्र कोणी नव्हतं. शाळेतल्या सोबत्यांच्या गप्पा बदल्यांपलीकडे जात नसत. खोलीवर दिवसदिवस तोंड उघडायचं काम पडत नसे, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो.

एका सकाळी वैनगंगेच्या घाटावर कादंबरी वाचत होतो. नावाड्याच्या बायकोची गोष्ट, त्याच पायऱ्यांवर घडलेली. एक म्हातारी येऊन बसली, पुस्तकापुढे मूठभर तांदूळ ठेवले आणि हात जोडले. घाटावर बसून माणूस पोथीच वाचणार, दुसरं काय वाचणार?

"महाराज, जरा जोरानं वाचा. मले कमी आयकू येते," ती म्हणाली. "पोरगी एकोडी गावाले देली होती. बाळंतपणात गेली. तिच्या नावानं मी आयकून राहिली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझं ऐकत होतं, आणि मी लबाडासारखा गप्प बसलो. ती रोज यायला लागली. नावाड्याची बायको रडली की ही पदर डोळ्यांना लावी आणि "असंच रायते बाप्पा" म्हणे. वर्गात कधी वाचलं नाही इतकं जीव ओतून मी वाचलं. ते दिवस मी सुखात होतो.

दहाव्या दिवशी शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं. ती उठेना.

"आता फळ वाचा ना, महाराज."

पोथीच्या शेवटी ती ऐकल्याचं फळ सांगितलेलं असतं, कोणाला संतान, कोणाला सद्गती. माझ्यातला मास्तर नको तिथं जागा झाला.

"याला फळ नसतं, आजी. ही पोथी नाही. कोणीतरी मनानं रचलेली गोष्ट आहे."



"मंग माह्या पोरीले काय भेटलं?"

दोन ओळी तिथल्या तिथं रचून म्हणता आल्या असत्या. एवढी पुस्तकं वाचली होती, पण मला काही सुचलं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पायऱ्या चढून गेली. दुसऱ्या दिवशी मी नवं पुस्तक घेऊन तिथंच दुपारपर्यंत बसलो. ते मला उघडवलं नाही.